गाण्याने सोडवलेले गाव

१९५४ साली पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा एक कार्यक्रम झाला. सुधीर फडके यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. त्या कार्यक्रमाचा पैसा दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून सोडवण्याच्या मोहिमेसाठी उभा करायचा होता. त्याच वर्षी २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. आज आपण ज्या गावात थाटाने गणपती बसवतो, ज्या रस्त्यांवरून बाप्पाची मिरवणूक नेतो, त्या गावाच्या स्वातंत्र्याच्या खर्चात गाण्याची कमाई मिसळलेली आहे.

असे असूनही आपल्या उत्सवातला गाण्यांचा कार्यक्रम आठवून पाहावा. आपल्याकडे पंढरपूर गायले जाते, कोल्हापूर गायले जाते, मुंबई तर हमखास येते. कोकणच्या नाखव्याला टाळ्या पडतात. सिल्वासाचे गाणे मात्र आपल्या ओठांवर नाही. खानवेल नाही, नरोली नाही, दमणगंगाही नाही. आपल्यातली कित्येक कुटुंबे इथे तीस-चाळीस वर्षे राहिली, मुले इथेच शिकली, नातवंडे इथे जन्मली; पण मंचावर उभे राहून गावाचे नाव गाण्यात घ्यायची वेळ आली की आपण दुसऱ्याच गावाचे नाव घेतो. हे असे का होते, आणि गावाला गाणे लाभते तरी कसे, हे थोडे इतिहासात जाऊन पाहावे असे आम्हाला वाटले.

पंढरी आणि सिंहगड

मराठीत स्थळाचे गाणे शोधू लागले की पहिली भेट पंढरपूरची होते. चंद्रभागा, वाळवंट, महाद्वार, नामदेवाची पायरी ही सगळी ठिकाणे वारीला कधीही न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतात, ती अभंगांमुळे. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पंढरीला माहेर म्हणणारा जो अभंग पंडित भीमसेन जोशींच्या आवाजात घरोघरी पोचला, तो संत एकनाथांचा. नाथ राहणारे पैठणचे. माहेर हा शब्दच मुळी माहेराबाहेर राहणाऱ्याच्या तोंडचा आहे. जी लेक माहेरीच आहे, तिला माहेराची ओवी सुचायचे कारण नाही.

दुसरी भेट गडाची. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन कोंढाणा घेतला. त्या पराक्रमावर शाहीर तुळशीदासाने पोवाडा रचला. गड आधीही तिथेच होता, तटबंदीही तीच होती. पण त्यासाठी माणूस पडला तेव्हा त्याचा पोवाडा झाला. पुढे सावरकरांनीही सिंहगडावर पोवाडा लिहिला आणि इंग्रज सरकारने तो जप्त केला. दगडी किल्ल्यापेक्षा त्याच्या गाण्याचे भय सरकारला जास्त वाटले, असा याचा अर्थ.

म्हणजे आपल्याकडे स्थळाच्या गाण्याचे दोन उगम दिसतात. एक, त्या जागेपासून दूर पडलेल्या माणसाची ओढ. दुसरा, त्या जागेसाठी कोणीतरी मोजलेली किंमत. पुढची बहुतेक गाणी या दोन वाटांनीच आलेली आहेत.

मुंबईच्या दोन लावण्या

शहर म्हणून सर्वांत जास्त गाणी मुंबईच्या वाट्याला आली. त्यातली एक पठ्ठे बापूरावांची लावणी. बापूराव मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, गाव रेठरे हरणाक्ष. कुलकर्ण्याचा मुलगा घरदार सोडून तमाशाच्या फडात गेला आणि मुंबईच्या थिएटरांतून गाजला. कृष्णाकाठच्या खेड्यातून आलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांत मुंबईची श्रीमंती भरली. त्याने त्या नगरीचे वैभव लावणीत मांडले.

याच खेडेगावांच्या टापूतला दुसरा एक माणूस मुंबईला आला, तो पायी. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे लहानपणी आईवडिलांबरोबर चालत मुंबईला पोचले. पडेल ते काम केले, गिरणीत राबले, कामगारांच्या वस्तीत राहिले. त्यांनीही मुंबईची लावणी लिहिली, आणि ती बापूरावांच्या लावणीला दिलेले उत्तरच होते. बापूरावांना जिथे माड्या दिसल्या, तिथे अण्णाभाऊंना त्या माड्यांच्या सावलीत पडलेली उपाशी माणसे दिसली. एकच शहर, एकच काव्यप्रकार, पण गाणाऱ्याची राहण्याची जागा बदलली की गाणे बदलते. दोन्ही लावण्या शेजारी ठेवल्या की त्या काळची मुंबई पुरी होते. नुसती पहिली ऐकून ती कळत नाही आणि नुसती दुसरी ऐकूनही नाही.

अण्णाभाऊंची मैनेवरची छक्कड तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभांमधून गाजली. पोटासाठी मुंबईला आलेला मजूर आणि गावाकडे राहिलेली त्याची बायको यांची ताटातूट सांगता सांगता ती राज्याबाहेर राहिलेल्या मुलखावर येते. बेळगाव-कारवारबरोबर आपल्या शेजारच्या डांग-उंबरगावचीही नावे तिच्यात आहेत. उंबरगाव तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली आणि उंबरगाव गुजरातेत गेले. इथून हाकेच्या अंतरावरच्या त्या गावाचे नाव मराठी गाण्यात शिरले, ते त्याच्यावरून भांडण होते म्हणून.

हिंदी चित्रपटानेही मुंबईला एक अमर गाणे दिले, १९५६ च्या ‘सी.आय.डी.’मध्ये. जॉनी वॉकरवर चित्रित झालेले, मोहम्मद रफी आणि गीता दत्त यांनी गायलेले ते गाणे आपण सर्वांनी गुणगुणले आहे. ते लिहिणारे मजरूह उत्तर प्रदेशातल्या सुलतानपूरचे, चाल बांधणारे ओ. पी. नय्यर लाहोरात जन्मलेले, आणि चालीचा मूळ धागा ‘क्लेमेंटाइन’ या जुन्या अमेरिकन गाण्याचा. इतक्या दूरदूरच्या गोष्टी एकत्र आल्या आणि त्यातून अस्सल मुंबईचे गाणे तयार झाले. बाहेरून आलेल्यांनी ते केले म्हणून मुंबईकरांनी ते कधी परके मानले नाही.

दूर गेलेल्यांची गाणी

बाहेरच्या देशांतही हीच तऱ्हा. सॅन फ्रान्सिस्को या अमेरिकन शहराचे जगभर गाजलेले गाणे १९५३ च्या सुमारास जॉर्ज कोरी आणि डग्लस क्रॉस या दोघांनी रचले. तेव्हा ते राहत होते देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात, आणि त्यांना आपल्या जुन्या शहराची आठवण येत होती. १९६२ मध्ये टोनी बेनेट यांनी ते गायले आणि १९६९ मध्ये त्या शहराने ते अधिकृतपणे आपले म्हणून स्वीकारले. बीटल्सनी लिव्हरपूलमधल्या ‘पेनी लेन’ या रस्त्याचे गाणे १९६७ मध्ये काढले, तेही लिव्हरपूल सोडून लंडनला गेल्यावर. रोज जाता-येता ज्या रस्त्यावर दाढी करायला थांबावे, तो रस्ता गाण्याचा विषय आहे हे कळायला तो सुटावा लागला.

आपल्याकडे सावरकरांचे सागराला उद्देशून लिहिलेले गीत १९०९ चे, ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेले. मातृभूमीवरच्या इतक्या उत्कट गीताला जागा मिळाली ती इंग्लंडच्या वाळूवर.

याहून जवळचे उदाहरण तर आपल्या रेल्वेच्या वाटेवर आहे. वापीहून सुरतेकडे निघाले की नवसारी लागते. राम गणेश गडकऱ्यांचा जन्म तिथला, १८८५ सालचा. गोविंदाग्रज या नावाने कविता लिहिणाऱ्या याच गडकऱ्यांनी महाराष्ट्राला त्याच्या सर्वांत प्रसिद्ध स्तुतिगीतांपैकी एक दिले. गुजरातेत जन्मलेल्या माणसाने सह्याद्री आणि त्याच्या कडेकपारी मराठी माणसाला वंदनीय करून दाखवल्या. सीमेच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे. मराठीचा अभिमान बाळगायला पुण्या-मुंबईत घर असावे लागते असे नाही, हे गडकऱ्यांच्या जन्मगावावरून सिद्ध होते.

गाणे हाच नकाशा

गाण्याचे आणखी एक काम असते, ते गणेशोत्सवातच चांगले ध्यानात येते. १९७९ साली ‘अष्टविनायक’ चित्रपट आला. त्यातल्या जगदीश खेबुडकरांच्या गीताने आणि अनिल-अरुण यांच्या संगीताने मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर आणि रांजणगाव ही आठ नावे घराघरांत पोचवली. त्याआधीही यात्रा होत होती, आणि जाणारे जातही होते. पण त्या गाण्यानंतर जे कधी गेले नाहीत त्यांनाही ही गावे पाठ झाली. आज सिल्वासात जन्मलेल्या मुलाला आठ गणपती कुठले असे विचारले तर तो मनातल्या मनात ते गाणे म्हणतो आणि बोटे मोजतो.

भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले गाव परीक्षा संपली की विसरते. गाण्यात आलेले गाव विसरत नाही. महाराष्ट्राने २०२३ साली राज्यगीत म्हणून जे गीत स्वीकारले, ते राजा बढे यांचे, श्रीनिवास खळे यांनी संगीत दिलेले आणि शाहीर साबळे यांनी गायलेले. त्यात नद्यांची नावे आहेत. म्हणून ज्या मुलाने भीमा पाहिली नाही, त्यालाही ती आपली वाटते. आणि जी नदी तो रोज पुलावरून पाहतो, ती दमणगंगा त्याला नुसते पाणी वाटते. खरे तर ही नदी आपल्यातल्या अनेकांच्याच वाटेने आलेली आहे. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीवर ती उगम पावते, डोंगर उतरून नगर हवेलीत येते आणि दमणला समुद्राला मिळते.

आपल्या गावाची किंमत

आता पुन्हा सिल्वासाकडे येऊ. ओढ आणि किंमत या दोन गोष्टींतून स्थळाचे गाणे जन्मते असे वर म्हटले. यातली किंमत आपल्या गावाने पुरेपूर मोजून घेतलेली आहे.

नगर हवेली पोर्तुगिजांकडे गेली तीच मुळी पुण्याच्या दरबारातून. पेशव्यांनी पोर्तुगिजांशी १७७९ साली तह केला. मराठी आरमाराने पकडलेल्या त्यांच्या जहाजाच्या नुकसानभरपाईपोटी १७८३ च्या सुमारास इथल्या गावांचा महसूल त्यांच्याकडे लावून दिला. तो दिला होता सरंजाम म्हणून. पुढे पेशवाई बुडाली आणि पोर्तुगीज इथले मालकच होऊन बसले. भारत १९४७ साली स्वतंत्र झाला तरी इथे झेंडा पोर्तुगालचाच राहिला.

१९५४ च्या पावसाळ्यात हे चित्र पालटले. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स आणि आझाद गोमंतक दल या संघटनांचे कार्यकर्ते, राजा वाकणकर आणि नाना काजरेकर यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखालचे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक, कम्युनिस्ट कार्यकर्ते आणि त्यांच्याबरोबरचे वारली, असे वेगवेगळ्या विचारांचे लोक वेगवेगळ्या वाटांनी या मुलखात शिरले. जुलैच्या उत्तरार्धात आधी दादरा मुक्त झाले, मग नरोली. २ ऑगस्टला सिल्वासावर तिरंगा चढला. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो आपले पोलीस घेऊन खानवेलच्या बाजूला निघून गेला होता. काही दिवसांनी तो भारतीय अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला.

त्या मोहिमेतल्या दोन नावांपाशी आपण थांबावे. एक बाबासाहेब पुरंदरे, ज्यांनी पुढे शिवचरित्र घरोघरी नेले. दुसरे सुधीर फडके. ते त्या वेळी पस्तीस वर्षांचे होते, संगीतकार आणि गायक म्हणून त्यांचे नाव झालेले होते. निधीसाठी गाण्याचा कार्यक्रम घडवून आणून ते थांबले नाहीत, मोहिमेतही उतरले. लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ गोव्यातल्या मंगेशीचे. ते गावही तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होते. दादरा-नगर हवेली सुटली तर उद्या गोवाही सुटेल, ही आशा या सर्वांच्या मनात होती. ती खरी व्हायला १९६१ साल उजाडले.

सिल्वासा सुटल्यानंतर वर्षाच्या आत, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. शब्द गदिमांचे, संगीत बाबूजींचे. छप्पन्न गीतांत अयोध्येपासून लंकेपर्यंतचा सारा प्रवास मराठी माणसाने घरी रेडिओजवळ बसून केला. शरयू, गंगेचा काठ, चित्रकूट, पंचवटी ही ठिकाणे त्या स्वरांनी आपल्या ओळखीची केली. ज्या माणसाने आपल्याला हा सारा भूगोल गाऊन दाखवला, तो त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या गावासाठी जीव धोक्यात घालून आला होता. आपल्या घरांत गीतरामायण ऐकलेले नाही असे घर सापडणार नाही. बाबूजींचा सिल्वासाशी असलेला संबंध किती घरांत सांगितला जातो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

पुढची सात वर्षेही विलक्षण होती. १९५४ ते १९६१ या काळात इथला कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. पोर्तुगालने दावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. तिथे अठराव्या शतकातला मराठ्यांचा तह आणि सनदा यांच्या अर्थाचा कीस पडला. मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क होता, मुलखाची मालकी नव्हे, असे न्यायालयाने मानले, आणि १२ एप्रिल १९६० च्या निकालात सशस्त्र सैन्य भारतातून इकडे नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाकारला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा आणि नगर हवेली भारतात विलीन झाली. एका कादंबरीला पुरेल इतका हा मजकूर आहे. पोवाड्याला तर निश्चितच पुरेल.

तारपा

किंमत झाली. आता ओढीचे बोलू. आपण इथे आलो ते बहुतांशी कारखान्यांमागून. करसवलतींमुळे इथे उद्योग आले, त्यांच्याबरोबर खानदेशातून, नाशिककडून, पश्चिम महाराष्ट्रातून आपली माणसे आली. ओढ होती ती मागे राहिलेल्या गावाची. म्हणून आपण जळगाव गायलो, कोल्हापूर गायलो. ते स्वाभाविकच होते, त्यात उणे काही नाही. अण्णाभाऊंचा मजूर मुंबईत राहून गावाकडच्या मैनेचेच गात होता.

पण इथे गाणे नव्हतेच असे मात्र नाही. आपण येण्याच्या कितीतरी आधीपासून या डोंगरांत तारपा वाजत होता. वाळलेला दुध्या भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांचे हे वाद्य. भाताचे पीक हाती आले की वारली पाड्यावर तारपेवाला मध्ये उभा राहतो आणि हातात हात गुंफलेली माणसे त्याच्याभोवती गोल फिरतात. हाच फेर वारली चित्रांत उतरला आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांमुळे जगभर गेला. आपल्या दिवाणखान्यातल्या भिंतीवर, चहाच्या कपावर, कुर्त्याच्या काठावर तो फेर असतो. प्रत्यक्ष तारपा मात्र आपल्यातल्या थोड्यांनीच जवळून ऐकला असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. वारली आणि कोकणा बोली मराठीच्या इतक्या जवळच्या आहेत की थोडे कान देऊन ऐकले तर शब्द उलगडू लागतात. या मातीचे गाणे आपल्याला परक्या भाषेत शिकायचे नाही.

शाहिरांच्या पोवाड्यात जशी गावांची, घाटांची, माणसांची नावे येतात, तशी नावे इथेही आहेत. ती मुलांच्या तोंडी असली पाहिजेत. आपल्या मंचावर मुंबईच्या गाण्याला टाळ्या पडतात तशा पडोतच, पण त्याच मंचावर एखाद्या वर्षी दादरा, नरोली, सिल्वासा आणि खानवेल या क्रमाने १९५४ ची गोष्ट कोणी पोवाड्यातून सांगावी. एखाद्या संध्याकाळी जवळच्या पाड्यावरच्या तारपेवाल्याला मानाने बोलवावे, त्याला बिदागी द्यावी आणि मुलांनी त्याच्या फेरात धरावे. एवढे करायला मोठा खर्च येत नाही.

आपली मुले आता शिकायला आणि नोकरीला पुण्याला, बंगळूरला, परदेशात जाऊ लागली आहेत. त्यांच्यासाठी मागे राहिलेले गाव जळगाव किंवा कोल्हापूर नाही; ते सिल्वासा आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे गाणे ब्रुकलिनमध्ये झाले, सागराचे ब्रायटनला झाले. तसे सिल्वासाचे गाणेही कदाचित दूरच्या एखाद्या शहरात, रात्री खोलीवर एकट्या बसलेल्या आपल्याच एखाद्या मुलीला किंवा मुलाला सुचेल. त्या वेळी त्याच्याजवळ दमणगंगेचे नाव असावे, २ ऑगस्टची तारीख असावी, बाबूजी आणि लताबाईंची गोष्ट असावी, तारप्याचा सूर कानात असावा. गाणे सुचणे आपल्या हाती नाही. ही शिदोरी बांधून देणे आपल्या हाती आहे, आणि ती मुले घरी आहेत तोवरच बांधून द्यायची आहे.

गणपती बाप्पा मोरया!